हुल्डाच्या कबरीवरची लायलॅक

मेलेल्या माणसांची खडान्‌खडा माहिती असलेली बाई आमच्या सॅनपीट खोऱ्यात एकच होती, वर्ला रासमुसन. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत वंशशोधाचं केंद्र होतं आणि सत्तरी उलटल्यावर ती आणि तिचा नवरा एल्डन तिथे मिशनरी म्हणून सेवेला बसले होते. आमच्याकडे म्हातारी जोडपी अशी सेवा हौसेने पत्करतात. कोणाला फिलिपाइन्स मिळतं, कोणाला टोंगा. या दोघांना मिळालं घरापासून हाकेच्या अंतरावरचं चर्च. "जन्मभर टर्क्या पाळल्या," वर्ला येईल त्याला सांगायची, "म्हटलं, म्हातारपणी तरी समुद्र दिसेल. तर आमचा समुद्र निघाला पार्किंगच्या पलीकडे."

पण काम तिला जिवापाड आवडायचं. कोणी पणजोबांचं नुसतं नाव घेऊन आलं, की ती शेजारी खुर्ची ओढून बसायची, चष्मा कपाळावरून नाकावर आणायची आणि तासा-दोन तासांत त्या माणसाला डेन्मार्कातल्या कुठल्याशा खेड्यापर्यंत पोचवायची. लोक रडायचेही. त्यासाठी तिने टेबलावर रुमालांचा खोका ठेवला होता. एल्डन पलीकडच्या खोलीत जुने फोटो यंत्रावर उतरवून घ्यायचा. तो मुळात कमी बोलणारा, त्यात कानाने अधू, त्यामुळे त्याला ती खोली मानवली होती. छातीवरच्या काळ्या पाटीवर, मिशनरी पुरुषांना आमच्यात म्हणतात तसं, त्याचं नाव 'एल्डर रासमुसन' असं होतं. केंद्रात वर्ला त्याला रीतीप्रमाणे एल्डर म्हणायची. घरी मात्र ती एल्डर म्हणाली, की काहीतरी बिनसलंय हे त्याने ओळखावं.

सगळ्या खोऱ्याची घराणी जोडणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घराण्यात एक जागा मोकळी होती. नोंदीत तिची तीन मुलं दिसत, तिघंही मुलगे. त्यांच्या आधी, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी, ऐन जानेवारीत तिला मुलगी झाली होती, ती मेलेलीच. इस्पितळात तिला इंजेक्शन देऊन निजवलं होतं. जाग आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मुलगी होती, एवढं एका नर्सने हळूच सांगितलं. बाळ आईला दाखवायचं नाही, म्हणजे ती लवकर विसरते, असं तेव्हाचे शहाणे लोक मानत. घरी आली तर पाळणा माळ्यावर गेला होता. दूध आलं, तेव्हा तिच्या आईने फडक्याने छाती घट्ट बांधली आणि दोघी मायलेकी नुसत्या बसून राहिल्या.

बाळाला कुठे पुरलं, हे तिने एल्डनला विचारलं. "सगळं नीट केलंय," एवढं बोलून तो टर्क्यांच्या शेडकडे निघून गेला. पुढच्या जानेवारीत पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्या मुलानंतर तिने विचारणं सोडलं. सोडलं म्हणजे तोंडाने सोडलं. आमच्यात कुटुंबं मंदिरात अनंतकाळासाठी एकमेकांना बांधली जातात, पण मृत जन्मलेल्या बाळासाठी तसा विधी नाही. घराण्याच्या नोंदीत नाव तेवढं घालता येतं. वर्लाने कित्येक आयांकडून अशी नावं प्रेमाने घालून घेतली होती. स्वतःच्या मुलीचं नाव तिने मनात ठेवलं होतं, ते एल्डनलाही माहीत नव्हतं. पोर कुठे आहे ते कळल्याशिवाय नाव घालायचं नाही, असा तिचा हट्ट होता. आणि एल्डनचं हृदय आताशा बरं नसायचं. तो गेला, तर ती जागाही त्याच्याबरोबर जाणार, ही धास्ती तिला रोज पोखरत होती.

त्या मे महिन्यात केंद्रात वेंडेल नावाचा एक माणूस आला. ओरेगॉनचा, निवृत्त, उंचापुरा, हातात कॉफीचा पेला. आमच्यात कॉफी वर्ज्य, त्यामुळे चर्चच्या दारात कॉफी घेऊन येणारा माणूस परगावचाच. वर्लाने पेल्याकडे एकदा बघितलं आणि बाहेरच्या कठड्यावर ठेवायला सांगितलं. त्याला त्याच्या आईच्या मावशीची कबर हवी होती. मावशीचं नाव हुल्डा लुंड.

हुल्डाचं नाव ऐकून वर्लाचा चेहराच बदलला. ही हुल्डा लुंड गावच्या पोस्टाच्या खिडकीत बसायची. लग्न नाही, मूल नाही, आणि तोंडाचा पट्टा असा, की लोक तिकिटं घ्यायला शेजारच्या गावी जात. वर्लाला आठवा महिना होता आणि ती टर्क्यांच्या खाद्याची पोती उचलत होती, तेव्हा हीच हुल्डा भर रांगेत तिला म्हणाली होती, "अशीच हुंदडत राहा, पोर हातची घालवशील." वर्ला तेव्हा हसली होती. महिन्याभरात पोर गेली. हुल्डाही त्याच आठवड्यात न्यूमोनियाने गेली, त्यामुळे भांडायलाही उरली नाही. वर्लाने तो राग पन्नास वर्षं जपून ठेवला. खरं तर राग हुल्डावर कमी आणि स्वतःवर जास्त होता, पण स्वतःवरचा राग रोज कोण उघडून बघतं?

आणि तिचा नवरा दर वर्षी मेअखेरीच्या स्मृतिदिनाला आपल्या आईबापाच्या कबरीवर फुलं ठेवून झाली, की अंगणातल्या लायलॅकच्या जांभळ्या फुलांचा एक गुच्छ त्या हुल्डाच्या दगडापाशी ठेवून यायचा. "तिला कोणी नाही," म्हणायचा. वर्ला पिकअपमध्ये बसून राहायची, काच वर करून. परतताना म्हणायची, "आटपली का तुझ्या मैत्रिणीची भेट?" तो गाडी सुरू करायचा.

तरी वर्लाने काम चोख केलं. हुल्डाचे आईबाप काढले, दफनभूमीतली जागा नकाशावर दाखवली. वेंडेल खूश झाला. आईची शेवटची इच्छा होती, तो म्हणाला, मावशीला ओरेगॉनला न्यायचं आणि तिच्या बहिणीशेजारी, म्हणजे माझ्या आजीशेजारी ठेवायचं. नगरपालिकेची परवानगी मिळाल्यातच जमा होती.

"न्या की हुल्डाला ओरेगॉनला," वर्ला नवऱ्यामुळे सवय झालेल्या मोठ्या आवाजात म्हणाली. "गावाची सुटका होईल."

पलीकडच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती गेली तर एल्डन भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक, पायाशी फोटो विखुरलेले. तिला वाटलं, हृदयच. तो मानेनेच नाही म्हणाला आणि फोटो गोळा करू लागला.

त्यानंतर त्याने अन्न जवळजवळ टाकलंच. तिने घरचे गरम पाव केले, बरणीतले पीच काढले, शेवटी त्याच्या आवडीचे चीज घातलेले बटाटे केले. त्याने काट्याने नुसतं चिवडलं. रविवारी चर्चहून आल्यावर तो टाय न सोडताच स्वयंपाकघरात बसला.

"हुल्डाला हलवू देऊ नकोस," तो म्हणाला.

"का?"

"ती एकटी नाहीये तिथे." तो टेबलाकडे बघत होता. "आपली पोर तिच्या कुशीत आहे, वर्ला."

मग तो इतकं बोलला, जितकं लग्नापासून एका दमात बोलला नव्हता. जमीन दगडासारखी गोठली होती. पहारींनी कशीबशी एकच कबर खणून झाली होती, हुल्डाची. शवपेट्या करणारा म्हणाला, असं करतात लोक, म्हातारी एकटीच चालली आहे, बाळाला तिच्या हातांत देऊ, कोणीतरी धरायला होईल. एल्डन तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याला ते बरं वाटलं, त्याने हो म्हटलं. पुढे आठवड्याभराने वर्लाला तापात हुल्डाच्या नावाने बोटं मोडताना त्याने ऐकलं, आणि त्याने विषय काढलाच नाही. उद्या सांगू, ती सावरली की सांगू, असं करता करता मुलगे मोठे झाले, टर्क्या विकून झाल्या.



"पन्नास वर्षं," वर्ला म्हणाली. "मी काच वर करून गाडीत बसले होते. आणि तू मला बसू दिलंस, एल्डर."

त्याने मान खाली घातली.

"कशी होती दिसायला? केस होते तिला?"

एल्डन टायची गाठ सोडू लागला. तिने पुन्हा विचारलं.

"मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळली होती. पेटीवाला म्हणाला, बघायचंय का. मला धीर झाला नाही."

वर्लाचा सगळा जोर तिथे संपला. जागा कळली की सगळं कळेल, असं तिने इतकी वर्षं धरलं होतं. लोकांना तिने त्यांच्या खापरपणज्यांच्या डोळ्यांचे रंग शोधून दिले होते. आणि तिच्या मुलीला पाहिलेलं एकही माणूस आता जिवंत नव्हतं. ती उठून न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रडली. एल्डन दाराबाहेर उभा राहिला. तिने दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटी वेंडेलच्या मोटेलवर गेली. जी गोष्ट तिने पोटच्या मुलांना सांगितली नव्हती, ती या कॉफीवाल्याला खुर्चीवर ताठ बसून सांगितली. कबर उघडली तर काय सापडेल आणि काय सापडणार नाही, हे तिला माहीत होतं. एवढ्याशा जिवाचं पन्नास वर्षांनी काही राहत नाही. दोघींना वेगळं काढता येणार नव्हतं आणि त्या कबरीत फावडं गेलेलं तिला सोसणार नव्हतं. हक्क तुमचा आहे, ती म्हणाली, माझा काही नाही, मी फक्त सांगायला आले. वेंडेलने आईला शब्द दिला होता. त्याने विचार करतो म्हटलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. मूठभर माती नेतो आणि आजीच्या दगडावर मावशीचं नाव कोरून घेतो, म्हणाला. "आई जन्मभर म्हणायची, बिचाऱ्या हुल्डाला कोणी नाही. तिला हे कळायला हवं होतं."

स्मृतिदिनाला दोघं नेहमीप्रमाणे पिकअपमधून दफनभूमीवर गेले. त्या दिवसांत ती त्याच्याशी जेवणापुरतं बोलत होती. माफ केलं का, असं त्याने विचारलं नव्हतं. आईबापाच्या कबरींवर फुलं ठेवून तो गाडीशी आला, तर ती लायलॅकचा गुच्छ घेऊन खाली उभी होती. तो आत, तिच्या जागेवर बसला आणि त्याने काच खाली केली.

ती हुल्डाच्या दगडापाशी गेली. गुडघे दुखत होते तरी खाली बसली, फुलं ठेवली. दगडावर हुल्डाच्या नावाखाली जागा बरीच होती. ऐकू न येणाऱ्या माणसांशी बोलायची तिला सवय झालेली, म्हणून असेल, ती मोठ्याने बोलली.

"हुल्डा, तिचं नाव इंगर आहे. तुला कोणी सांगितलंच नसेल."

तिने दगडावरची धूळ हाताने पुसली.

"आता तू सांग. केस होते का ग तिला?"

गाडीत बसलेल्या म्हाताऱ्याला ते ऐकू गेलं. आपल्या मुलीचं नाव तो पहिल्यांदाच ऐकत होता.