पिवळ्या छपराची खूण

पूर्णिमा वाघोलीकर इटलीला कधी गेली नव्हती, पण इटलीत स्वस्तात कुठं राहायचं हे दोह्यातली मराठी माणसं तिलाच विचारत. दोह्याच्या नजमा भागातल्या एका बोळकांडीएवढ्या ट्रॅव्हल ऑफिसात ती अकरा वर्षं बसत होती. एका बाजूला कॅफेटेरिया, दुसऱ्या बाजूला शिंप्याचं दुकान. कुठल्या हॉटेलला लिफ्ट नाही, कुठल्या खोलीची न्हाणी बाहेरच्या पॅसेजमध्ये आहे, कुठला मालक दुपारी एकला कुलूप घालून जेवायला जातो, हे तिला तोंडपाठ. नवरा विजय तिला चिडवायचा, की तुला डोळे बांधून रोममध्ये सोडलं तरी तू स्टेशन गाठशील, आणि अल नस्रमधल्या आपल्याच बिल्डिंगचा नंबर विचारला तर बोंब.

त्यात खोटं काही नव्हतं. दोह्यात प्रत्येक बिल्डिंगवर एक निळी पाटी असते. तिच्यावर झोन, रस्ता, नंबर सगळं असतं आणि ती कोणी वाचत नाही. इथं पत्ता म्हणजे खूण. रमाडा सिग्नलवरच्या हॉटेलाचं नाव बदलून वर्षं लोटली, कितीतरी राउंडअबाउट उखडून तिथं सिग्नल आले, तरी माणसं जुन्याच नावांनी टॅक्सी वळवतात आणि बरोबर पोचतात. खूण रस्त्यावर नसली तरी सगळ्यांच्या डोक्यात असते, मग अडतंय कुठं?

हीच सवय पूर्णिमानं इटलीलाही लावली. वयस्क गिऱ्हाइकांसाठी ती संगणकावर त्या शहराच्या गल्लीत शिरायची, फोटोंमधून एकेक पाऊल पुढं सरकायची आणि जाड कार्डावर ठसठशीत मराठीत वाट लिहून द्यायची. औषधाच्या दुकानाशी वळा, कारंज्याशी थांबा, असं. रस्त्यांची ती लांबलचक नावं कोणाच्या जिभेवर बसणार? तिचं कार्ड घेऊन गेलेला माणूस आजवर चुकला नव्हता, आणि खोटं कशाला बोला, याचा तिला बराच गर्व होता.

मार्चमध्ये नाना घारपुरे आणि चारुलताकाकू तिच्याकडे आले. नाना सर्व्हेअर. अडतीस वर्षं त्यांनी कतारची वाळू मोजली होती आणि आता कायमचं पुण्याला परतायचं होतं. त्याआधी त्यांना लुक्का नावाचं गाव बघायचं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांचा साहेब तिथला होता. आमच्या गावाला भिंत आहे, तिच्यावर झाडं आहेत आणि माणसं रोज तिच्यावरून गावाला फेरी मारतात, असं तो सांगायचा. नानांच्या डोक्यात ती भिंत तेव्हापासून बसली होती. अल अझीझियाला राहायला गेल्यावर ते रोज अस्पायर पार्कमध्ये फेरी मारत आणि घरी येऊन काकूंना म्हणत, एकदा ती खरी फेरी मारायचीय. काकू स्वतः कधी पार्कात गेल्या नाहीत. त्यांचे गुडघे आणि त्यांचा स्वयंपाक, दोन्हींतून सवड नव्हती.

पूर्णिमानं भिंतीच्या आतल्या बाजूचं एक टू-स्टार हॉटेल काढून दिलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण दारातून भिंत समोर दिसते. नानांनी नकाशा नाकाशी धरून पाहिला आणि म्हणाले, "पोरी, कागद बरोबर असला ना, की माणूस चुकत नाही. कागदावरची खूण जमिनीवर दिसली नाही, तर समजायचं की आपण अजून तिथं पोचलो नाही. पुढं चालायचं." सर्व्हेअरचं हे ब्रह्मवाक्य तिला फार आवडलं. तिच्या कार्डांची कोणी एवढी कदर केली नव्हती.

नाना हात धुवायला गेले तेव्हा काकूंनी खुर्ची पुढं ओढली. हे हल्ली विसरतात, त्या हळूच म्हणाल्या. दोनदा गॅस चालू राहिला. एकदा पार्कातल्या गार्डनं घरापर्यंत आणून सोडलं. मुलाला, वरुणला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कळलं तर तो तिकिटं रद्द करील आणि सरळ डॉक्टरकडे नेईल. "नेऊ दे ना. पण एकदा त्यांना ती भिंत बघू दे. पुण्याला उतरले की मी स्वतः त्याला सांगते." पूर्णिमानं त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मग नानांसाठी कार्ड लिहिलं, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात: भिंतीवरून फेरी मारायची. खाली पिवळ्या कापडी छपराचं दुकान दिसलं की तिथल्या उतारावरून उतरायचं. छपराच्या डावीकडची गल्ली, तिसरं दार.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी दुपारी सव्वातीनला काकूंचा फोन आला. लुक्कात तेव्हा सव्वादोन वाजले होते. नाना अकरा वाजता एक फेरी मारून येतो म्हणून गेले, ते अजून आले नव्हते. त्यांचा मोबाइल खोलीतच चार्जिंगला होता. मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली, त्यानंतर पोटात काही नाही. खाली रिसेप्शनवर चिटपाखरू नव्हतं, मालकीणबाई चारला येणार अशी पाटी होती. हे सगळं काकूंनी एका दमात सांगितलं. "अगं, मी खिडकीतून नुसती बघतेय. काय करू मी?"

पूर्णिमा शांत आवाजात म्हणाली की कार्ड आहे ना त्यांच्या खिशात, मग येतील. समोरच्या टेबलावर तिचे मालक मुदस्सिरभाई बसले होते. हैदराबादचा माणूस, बोलणं ऐकून सगळं समजून चुकला. त्यांनी एकच गोष्ट विचारली: कार्डावर हॉटेलचं नाव आणि पत्ता आहे ना? कोणी त्यांना गाठलं तर वाचून पोचवील.

पूर्णिमानं नकारार्थी मान हलवली. नाव नव्हतं, पत्ता नव्हता, फोन नंबर नव्हता. होत्या त्या खुणा, आणि त्याही मराठीत. त्या गावात ते कार्ड वाचू शकणारी माणसं दोनच होती. त्यातली एक खोलीत बसलेली, दुसरी हरवलेली.

मुदस्सिरभाई तिला बोलले नाहीत, हे तिला जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले की आधी मुलाला कळवा, आणि दुसऱ्या फोनवरून लुक्काच्या पोलिसांना लावत बसले. पलीकडून कोणीतरी इटालियनमध्ये थांबा म्हणत होतं आणि पुन्हा पुन्हा तीच धून वाजत होती.

वरुणला कळवायचं म्हणजे दिलेला शब्द मोडायचा. न कळवावं, आणि नानांचं काही बरंवाईट झालं तर? पूर्णिमाची इकडे आड तिकडे विहीर झाली. तेवढ्यात वरुणचाच फोन आला. बाबा उचलत नाहीत, आईचा एंगेज येतोय, सगळं ओके आहे ना ताई? मीटिंगच्या मधून बोलत असावा, आवाज घाईचा. पूर्णिमाच्या तोंडून निघून गेलं, "अरे, तिथल्या जुन्या भिंतींमध्ये नेटवर्कची बोंब असते. ठीक आहेत." तो अरबीत आभार मानत शुक्रन ताई म्हणाला, हसला आणि ठेवूनही दिला. खोटं इतकं सहज बोलता येतं हे तिला त्या दिवशी कळलं, आणि स्वतःची किळस आली.

तिनं संगणकावर ती गल्ली पुन्हा उघडली. ते दुकान तिथंच होतं, भिंतीच्या उताराशी, पिवळंधमक छप्पर, लांबून दिसेल असं. मग तिची नजर खाली कोपऱ्यात गेली. फोटो कधी काढला ते तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अकरा वर्षांत तिनं ते एकदाही वाचलं नव्हतं, निळ्या पाटीसारखंच. फोटो सात वर्षांपूर्वीचा होता.

तिनं काकूंना खाली उतरून कोपऱ्यापर्यंत जायला सांगितलं. तीन मजले, ते गुडघे. फोनवर काकूंचा श्वास आणि कठड्यावर घासणारा हात ऐकू येत होता. कोपऱ्यावर पोचून त्या म्हणाल्या की इथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, काचेचं. छप्पर नाही. पिवळं काहीच नाही गं.

काल संध्याकाळी ते टॅक्सीनं दारापर्यंत आले होते. आज नाना निघाले तेव्हा भिंत समोरच होती, जाताना कार्ड काढायचं कारण नव्हतं. कार्ड लागणार होतं ते उतरताना. पूर्णिमानं डोळे मिटले. एक म्हातारा माणूस हातात कागद घेऊन चालतोय, खाली पाहतोय, पिवळं छप्पर दिसत नाही. मग तो काय करील? दुसरा कोणी घाबरला असता, कोणाला विचारलं असतं, भलत्याच उतारावरून उतरून गावात हरवला असता. पण हे नाना होते. खूण दिसली नाही, तर आपण अजून तिथं पोचलो नाही. पुढं चालायचं.

आणि ती भिंत गोल होती. तिला शेवटच नव्हता.

"काकू, त्यांना शोधायला कुठंही जाऊ नका," ती म्हणाली. "समोरचा उतार चढा आणि वरच्या बाकावर बसा. ते भिंतीवरच आहेत. फिरून तिथूनच जाणार."

एक फेरी चार किलोमीटरची. थकलेल्या माणसाला सव्वा तास धरा. मुदस्सिरभाईंना हा हिशेब पटला नाही. बसले असतील कुठं चक्कर येऊन, ते म्हणाले, आणि फोन काही त्यांनी खाली ठेवला नाही. पूर्णिमानं ऑफिसातल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेचारपर्यंत थांबू. तोवर आले नाहीत तर वरुणला मी स्वतः सांगीन, मग शब्दाचं काय व्हायचं ते होवो.

काकू चढल्या आणि बसल्या. फोन चालू ठेवला. सायकलींच्या घंटा यायच्या, पोरांचे आवाज यायचे, मध्येच नुसता वारा. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाइलवरचा नानांचा फोटो दाखवत होत्या, माणसं मान हलवून पुढं जात होती. चार वाजले. गिऱ्हाईक आलं, ते मुदस्सिरभाईंनी हातानंच परत पाठवलं. चार दहा. मला वाटतं बॅटरी जाईल, काकू म्हणाल्या. पूर्णिमाला एकच दिसत होतं: कुठल्यातरी झाडाखाली पडलेला माणूस, त्याच्या मुठीत तिच्या अक्षरातलं कार्ड, आणि ते उलटसुलट करून बघणारे परके लोक. एवढ्या वर्षांच्या तिच्या हुशारीची तिला लाज वाटली. स्वतः न पाहिलेल्या गावाच्या वाटा ती लोकांना सांगत होती, आणि तिला कोणी कधी अडवलं नव्हतं. चार वीसला तिनं वरुणचा नंबर काढून ठेवला.

चार पंचविसाला फोनमधून काकूंचा आवाज आला. त्या तिच्याशी बोलत नव्हत्या.

"अहो."

मग पावलं थांबली. नानांचा आवाज लांबून आला, दमलेला, पण खूश.

"आज तू पण आलीस?"

"आले."

"गुडघे?"

"ठीक आहेत. बसा."

"बरं झालं आलीस. तळ्याच्या कडेनं जाऊ, तिथं बदकं असतात. रोज म्हणतो, एकदा चारूला दाखवावीत."

पूर्णिमानं तोंडावर हात दाबला. तळं आणि बदकं अस्पायर पार्कातली होती. ज्या भिंतीसाठी नाना अडतीस वर्षं झुरले, तिच्यावर ते तीन फेऱ्या मारून आले होते, आणि भिंत त्यांना दिसलीच नव्हती.

"दाखवा," काकू म्हणाल्या. "आधी हे बिस्कीट खा." कागद फाडल्याचा आवाज आला. काकू रडत असतील तर ते फोनवर कळलं नाही. मुदस्सिरभाईंनी पोलिसांचा फोन ठेवला, अल्हम्दुलिल्ला म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

थोड्या वेळानं काकू फोनवर आल्या. नानांच्या हातातून कार्ड काढून घेतलंय, त्या म्हणाल्या, मागची बाजू कोरी आहे, सांग काय लिहायचं ते. पूर्णिमानं हॉटेलचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, नंबर सांगितला, काकूंचा फोन, एकेक इंग्रजी अक्षर करून. काकूंनी सगळं लिहून वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "खाली मराठीतही पाहिजे. ते मराठीच वाचतात आता. थांब, मीच लिहिते." लिहिता लिहिता त्या सावकाश वाचत गेल्या. "चारू बाकावर बसली आहे. ती दिसली की थांबायचं."

पूर्णिमाला माफी मागायची होती. काकूंनीच वाट करून दिली. "आता वरुणला सांग. पुण्यापर्यंत थांबत नाही मी. पण माझ्याच्यानं नाही व्हायचं, तूच सांग. आणि नीट सांग हो, की हे चुकले नाहीत. कागदाप्रमाणेच चालले."

वरुणनं पहिल्या रिंगला उचलला. आलं का नेटवर्क, त्यानं विचारलं. पूर्णिमानं खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि सरळ बसली.

"वरुण, मघाशी मी तुझ्याशी खोटं बोलले. मीटिंगमधून बाहेर ये आणि बस कुठंतरी. बाबा सुखरूप आहेत. बाकीचं ऐक."