बिरूचं हॉलतिकीट

शाळेत असताना माझ्या वर्गातल्या बिरूचं हॉलतिकीट मी लपवलं. परवा मुलीच्या प्रवेश परीक्षेच्या अर्जावर फोटो चिकटवताना डिंकाचा वास आला आणि पोस्टानं आलेलं त्या हॉलतिकिटाचं पाकीट आठवलं.

बिरूचं घर मेंढरांमागं फिरायचं, म्हणून सैनिकी शाळेच्या अर्जावर त्यानं आमच्या खंडाळ्याच्या घराचा पत्ता दिला होता. गणितात तो माझ्या पुढं होता. तो बसला तर माझा नंबर लागणार नाही, या भीतीनं मी पाकीट कडब्यात दडवलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो चालत आला. "आलं का रं हॉलतिकीट?"

"न्हाई, गड्या."

"ऱ्हाऊ दे. मेंढरं तरी खूश व्हतील," म्हणून हसला आणि परीक्षेसाठी घेतलेली कोरी पेन्सिल त्यानं मला दिली. माझा नंबर लागला.

काल लोणंदच्या बाजारात बिरू मेंढरं विकताना दिसला. मी त्याचा हात धरला. "बिरू, तुझं हॉलतिकीट आलं हुतं. मीच दडवलं. मला माफ कर."