सायलेन्सरचा रंग

येलहंक्यात विश्वासरावांसारखा सायलेन्सर रंगवणारा दुसरा नव्हता. आच सोसणारा तो काळा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, इंजिन चालू करून भाजावा लागतो. पहिल्यांदा गाडी थोडीच चालू ठेवायची, थंड होऊ द्यायची, मग पुन्हा. घाई केली की रंगाला फोड येतात. त्यांच्या कामाला कधी आले नव्हते.

अभिराजची मोटारसायकलही त्यांनी तशीच रंगवली. मुलगा तापाने गेल्यापासून ती अंगणात उभी होती. उद्या गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. बायकोच्या, सोयराबाईंच्या, कानी तो आवाज पडू नये म्हणून, त्या देवळात गेल्यावरच त्यांनी किक मारली.

पण चष्मा विसरला म्हणून सोयराबाई अर्ध्या वाटेवरून परतल्या होत्या. आवाज ऐकून त्या धावत आल्या आणि सवयीने फाटक सताड उघडलं, गाडी आत यायला उघडत असत तसं. गाडी आतच होती. शेजारी नवरा, हात काळे.

विश्वासराव इंजिन बंद करायला वाकले.

"राहू द्या हो," पायरीवर बसत त्या म्हणाल्या. "अजून स्वल्प."

"रंग बिघडेल."

"बिघडू दे. जन्मभर ओरडले त्याच्यावर, बंद कर मेल्या तो धडधडाट म्हणून."

विश्वासराव बायकोशेजारी बसले. सायलेन्सरवर पहिला फोड आला, मग दुसरा. ते उठले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी गिऱ्हाइकाला फोन केला.

"अण्णा, रंग धरला नाही. उद्या नको येऊस."