लोमे बरं की अक्रा?

“हिला कशाला विचारतोस? हिला दोन्हीकडे स्वर्गच वाटला असणार.”

माझे मॅनेजर त्यांच्या मेहुण्याला असं म्हणाले आणि त्यांनी पुरी मोडली. रविवारची दुपार. चोआ चू कांगला त्यांच्या फ्लॅटवर मला मुद्दाम जेवायला बोलावलेलं. आमची कंपनी पश्चिम आफ्रिकेतून काजू घेते. घाना आणि टोगो, दोन शेजारी देश, दोन्हींसाठी मिळून एक मुख्य ऑफिस उघडायचं होतं. घानात अक्रा की टोगोत लोमे, कुठे माणसाला बरं जगता येईल, याचा अहवाल मी द्यायचा होता. दोन्ही शहरांत राहून आलेली मी एकटीच. तिथली प्रमुखही मीच होणार, असं सगळे धरून चालले होते. मेहुणा आमच्याच कंपनीत, दुसऱ्या टीममध्ये. त्यालाही ती जागा हवी होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्याने विचारलं होतं, “राहायला कुठलं बरं?” मी मनापासून सांगत होते. अक्रामध्ये इंग्रजी चालतं, शाळा-दवाखाने बरे, पण वीज गेली की येण्याचं नाव नाही आणि ट्रॅफिकमध्ये जीव मेटाकुटीला येतो. लोमेत फ्रेंचवाचून अडतं, मोठं दुखणं निघालं तर पळापळ होते. पण समुद्र दाराशी, पाव ताजा, आणि शेजारी माणसांसारखे वागतात.

एवढ्यावर ते वाक्य आलं. वर आणखी, “ह्यांच्या वाडीत नळ तरी होता का? तुमच्या लोकांना सवय असते गं. चांगलंच आहे ते.”

वहिनी हसल्या. मेहुणा हसला. वहिनींनी मला अजून एक पुरी वाढली.

मी घास गिळला. पाणी प्यायले. थँक्यू म्हणून निघाले.

सेम्बावांगला माझ्या घरापर्यंत एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभीच होते. बसायला जागा होती. बसवेना. नव्हता आमच्या बौद्धवाडीत नळ. विहीर होती, गावाची. आई कळशी घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं, नाही आली तर आई उभी. लोमेत घरात शिरले त्या दिवशी घरमालकीण मला अंगणात घेऊन गेली आणि विहिरीचा दोर तिने माझ्या हातात दिला. ओढ म्हणाली. आडनाव विचारलं नाही. मी पाणी ओढलं आणि तिथेच रडले. तिला वाटलं, हिचे हात सोलले. राहणीमान राहणीमान म्हणतात ते माझ्या लेखी एवढंच आहे. आणि हा म्हणतो, सवय असते.

सोमवारी जुरोंग ईस्टच्या ऑफिसात मीटिंग. समोर आमच्या चिनी डायरेक्टर बाई. फोनवर अक्राहून कोफी, आमचा घानाचा माणूस. मी अहवाल मांडला. दोन्ही शहरांचं बरंवाईट सांगितलं आणि शेवटी म्हटलं, लोमे.

मॅनेजरने घसा साफ केला. इंग्रजीत, अगदी सभ्यपणे म्हणाला, “विथ रिस्पेक्ट, हर बेसलाइन इज डिफरंट.” आणि पुढच्याच दमात प्रमुख म्हणून मेहुण्याचं नाव सुचवलं.

कालचंच वाक्य. फक्त आंघोळ घालून, टाय बांधून आणलेलं.

“व्हॉट बेसलाइन? से प्रॉपर्ली, लाह,” बाई इथल्या बोलीत म्हणाल्या.

एरवी मीच सावरून घेतलं असतं. वर्षानुवर्षं तेच केलं. त्यांनी घाण करायची आणि मी वरून चादर टाकायची. त्या दिवशी नाही टाकली. म्हटलं, “सांगा ना सर. बेसलाइन म्हणजे काय?”

“बॅकग्राउंड.”

“कसलं?”

“इट्स अ कल्चरल थिंग.”

फोनवरून कोफीने विचारलं, “कुणाचं कल्चर? तिचं की आमचं? माझी बायको लोमेची आहे.”

अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा तो सापडला. मला नावं ठेवावी तर जात बाहेर पडते. लोमेला ठेवावी तर कोफीची बायको. त्याच्या कपाळावर घाम आला, एसी चालू असताना. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटभर आनंद झाला.

मग मीच सांगितलं. मी कुठल्या वाडीत जन्मले, ती गावाबाहेर का ठेवलेली असते, आणि रविवारी पुरी मोडता मोडता हा काय म्हणाला. शब्दाला शब्द. बाईंनी प्रमुखाचा निर्णय थांबवला. संध्याकाळी मी लेखी तक्रार दिली.

आठवड्याभरात तो सेम्बावांगला आला. वर बोलावलं नाही. ब्लॉकखालच्या बाकाजवळ उभं राहून बोललो.

“घरचं माणूस समजून बोललो गं. तू एवढं मनाला लावून घेतलंस?”

मी पिशवी बाकावर ठेवली.

“तुझा इथे काम करण्याचा पास रिन्यूला आलाय. कंपनी अशी माणसं ठेवत नाही. मी तर पीआर आहे, इथला कायमचा रहिवासी, माझं काय जाणार?”

मग त्याचा आवाज उतरला. “माझ्या लेकीला कळलं तर काय वाटेल तिला? तक्रार मागे घे. प्लीज. हवं तर तुझं नाव मी पुढे करतो.”

इतकी वर्षं सर सर केलं होतं.

“अरे,” मी म्हटलं, “माझं नाव पुढे करणारा तू कोण? आणि लेकीला तूच सांग. तिला मराठी कळत नाही ना, इंग्रजीत सांग. प्रॉपर्ली.”

मी लिफ्टकडे वळले.

चौकशी चालू आहे. प्रमुखपद मिळेल की नाही, माहीत नाही. पास जाईल कदाचित. गेला तर जिथे असेन तिथून चौकशीला फोनवर हजर राहीन आणि हेच सगळं पुन्हा सांगेन, विचारतील तितक्या वेळा. त्याची नोकरी गेली तर वहिनींचा फोन येईल, रडतील. मी ऐकून घेईन आणि ठेवून देईन. मला वाईट वाटणार नाही. वाटू देणार नाही.