बाबुरावांचा दुसरा काटा

आमचे हे, म्हणजे मंडईतले कांदेबटाटेवाले बाबुराव, कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. नवं वजन आणलं तरी शेजारच्या गाळ्यातल्या काट्यावर तोलून बघतात. मला तेवढं अजून तोललेलं नाही.

या उन्हाळ्यात बिबवेवाडीतल्या आमच्या घराचा जिना चढताना त्यांचा हात छातीवर जायला लागला. दुसऱ्या मजल्यावर थांबायचे आणि चप्पल नीट केल्यासारखं करायचे. विचारलं की, "काही नाही, पित्त." पित्त काय जिन्यातच होतं? शेवटी मीच डॉक्टरांकडे नेलं. तिथे हे मूग गिळून बसले. छातीत आवळतं, डाव्या हातात कळ जाते, बसलं की थांबतं, सगळं मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासू. गरज पडली तर अँजिओग्राफी."

"गिऱ्हाईक सापडलं त्याला," हे बाहेर येऊन म्हणाले.

चौथ्या दिवशी एक कागद नाचवत घरी आले. मला न सांगता दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते.

"ईसीजी नॉर्मल. पकडला की नाही चोर?"

"या डॉक्टरांना दुखतं ते सांगितलंत?"

"का सांगू? मशीन आहे ना, शोधू दे की."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, हा आडवं पडून काढलेला कागद. तुम्हाला दुखतं जिन्यात. काट्यावर माल ठेवलाच नाही आणि म्हणे काटा बरोबर! उद्या तुम्हाला काही झालं तर मी हा कागद घेऊन बसू का?" बोलता बोलता मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा न उघडता पहिल्या डॉक्टरांकडे आले.

पट्ट्यावर चौथ्या मिनिटाला त्यांना दरदरून घाम फुटला. तिथल्या मुलीने विचारलं, "काका, दुखतंय?" हे म्हणाले, "छे." डॉक्टरांनी पडद्याकडे बघून पट्टा थांबवला. पुढे अँजिओग्राफीत दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद निघाल्या.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून," मी म्हणाले.

हे भिंतीकडे बघत होते. "दिवाळीपासून," म्हणाले.

सगळ्या मंडईवर संशय घेणाऱ्या माणसाशेजारी मी इतके महिने निर्धास्त झोपत होते. आता ते "काही नाही" म्हणाले, की मी हातातलं काम टाकून त्यांचा हात कुठे आहे ते बघते.