काचघराचं गाऱ्हाणं

आधीच सांगते, असल्या गोष्टी मानणाऱ्यातली मी नाही. बँकेत काउंटरवर बसते, दिवसभर लोकांच्या सह्या जुळवते. जुळली नाही तर नाही म्हणते, विषय संपला. या ग्रुपवरचे तुमचे अनुभव वाचते तेही झोप येत नाही म्हणून. तेव्हा खाली "ताई, तुम्ही दमला होतात" अशी कमेंट कुणी टाकणार असेल तर राहू द्या... मला माहीत आहे. दमलेच होते. अजूनही आहे.

आम्ही लालबागला राहतो. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात मिळालेलं घर. हॉल, स्वयंपाकघर, एक छोटी खोली आणि हॉलला लागून बाल्कनी. माझे वडील, अण्णा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गाव मालवणकडचं. नव्या घरात आल्या आल्या त्यांनी बाल्कनीचं काचघर करायला घेतलं. ॲल्युमिनियमची चौकट, काचा, वर पारदर्शक पत्रे, आतून हिरवी जाळी. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, कबुतरं फार येतात हो! आत गावाहून आणलेली पानवेल, मिरीचा वेल आणि आईची अबोली.

पानवेलीला दमट हवा लागते. गिरणीत सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा दमट ठेवत, तोच प्रकार अण्णांनी घरी केला. कडेनं गोणपाटं लटकवली आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मारायचे. काचघरात नळ नाही. बाथरूममधून बादली भरून न्यायची, सांडत सांडत. आत गेलं की चष्म्यावर वाफ धरायची.

काम पूर्ण झालं त्या दिवशी अण्णांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठल्याही शुभ कामाला देवाला असं मोठ्यानं साकडं घालतात आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. गावात ते म्हणायला पंचवीस माणसं. आमच्या घरात बाकीची म्हणजे फक्त आई.

"बा देवा म्हाराजा, हंय जां काय लावलेलां आसा, तेका पाणी कमी पडू देव नको रे म्हाराजा!"

आणि स्वयंपाकघरातून, हातातलं लाटणं न थांबवता, आईचं लांबलेलं, कंटाळलेलं "व्हयऽऽ म्हाराजा..." मी हसले होते. तिचा तो सूर असा की देवालाही वाटावं, हिला आता जास्त त्रास देऊ नये.

पुढे आई गेली. काचघर अण्णा एकटे बघू लागले. मग गेल्या मार्चमध्ये अण्णांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हॉस्पिटलचा तो लोखंडी पलंग भाड्यानं आणला, तो हॉलमध्ये एकाच जागी बसला — काचघराच्या सरकत्या दाराला अगदी चिकटून. पलंग हलवल्याशिवाय आत जाता यायचं नाही, आणि पलंग हलवायला दोन माणसं लागतात. दार बंद झालं ते झालंच. खरं सांगू? मला बरंच वाटलं. माणसाचं करू की वेलींचं?

मे महिना आला. दिवसा येणाऱ्या मावशी कायमच्या गावी निघून गेल्या, माझी रजा संपत आली. माझा धाकटा भाऊ महेश डोंबिवलीहून आला.

"ताई, चोवीस तास राहणारी बाई बघू. पण ती झोपणार कुठे? ते जंगल काढ ना आधी."

"अण्णांसमोर?"

"मग दुसरा ऑप्शन कर्जतचा आश्रम. मी बोलून ठेवलंय तिथे. तूच सांग मग."

अण्णा डोळे मिटून पडले होते, पण ऐकत होते. डाव्या हाताची मूठ वळली होती.

"सरक, बघू तरी किती कचरा झालाय," म्हणत महेशनं पलंगाचं एक टोक धरलं, मी दुसरं. दार ओढलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली.

दोन महिने बंद असलेली खोली, तीही मे महिन्यात. गोणपाटं निथळत होती. कुंड्यांतली माती काळीशार, ओली. पानवेल छतापर्यंत गेलेली, पोपटी कोवळी पानं फुटलेली. अबोलीला फुलं.

"तू पाणी घालतेस?" महेशनं विचारलं.

"उडी मारून जाऊ आत?"

त्यानं प्लंबर आणला. वरच्या मजल्यावर जाऊन आला, पाइप बघितले, कुठेही गळती नाही. बाहेरच्या काचा सगळ्या आतून लावलेल्या. महेश घाईघाईनं निघून गेला. मला भीती वाटली नाही, हे विचित्र वाटेल. मला फक्त एवढंच वाटलं, या घरात न सांगता काम करणारं आणखी कुणीतरी आहे. रडू आलं मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांना पेज भरवत होते. उघड्या दारातून ओल्या गोणपाटाचा वास येत होता. आणि मला ते गाऱ्हाणं आठवलं. मागितलं अण्णांनी होतं, पण हो म्हटलं होतं आईनं! त्या शब्दातून तिला कुणी मोकळं केलंच नव्हतं.

आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. माझी मालवणीही मोडकी. पण दुसरं होतं कोण? वाटी खाली ठेवली, काचघराकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा... ह्यां काचघर आता आमी काढतंव. अण्णांका घरातच ठेवचां आसा. ज्या कोणी आजपर्यंत हंय पाणी घातल्यान, तेची आता सुटका कर रे म्हाराजा..."

घरात मी आणि अण्णा, दोघंच. टीव्ही बंद.

"व्हयऽऽ म्हाराजा..."

स्वयंपाकघरातून. तसंच लांबलेलं. तसंच कंटाळलेलं.

माझ्याच डोक्यातला आवाज, असं मी म्हटलं असतं. पण अण्णांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली होती. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात हसू होतं आणि डोळ्यांतून पाणी.

मी जाऊन बघितलं. ओटा कोरडा, गॅस बंद. कुणी नाही.

सकाळी उठले तर गोणपाटं कडक वाळलेली, पानवेल माना टाकून बसलेली. आठवड्याभरात सगळं गेलं. माणसं येऊन कुंड्या घेऊन गेली. आता तिथे अण्णांना सांभाळणारी शांताबाई झोपते, तिला कधी काही जाणवलेलं नाही. अण्णा घरीच आहेत.

डॉक्टरांना विचारलं, महेशशी वाद घातला, स्वतःशीही घातला. पाणी कुठून येत होतं, मला आजही सांगता येत नाही. मी शोधणंही सोडलंय. आई सुटली, एवढं मला पुरे आहे... फक्त कधी कधी बँकेतून आल्यावर, चप्पल काढता काढता मनात येतं — मेल्यावरही तिला कुणीतरी "आता पुरे" म्हणावं लागलं. मला कोण म्हणणार?

पेजेची वेळ झाली. ठेवते.