तांदळाचं धुवण आणि सांबाराच्या कुंड्या

नवरा रिटायर झाला, खमरियाचं कारखान्याचं क्वार्टर गेलं, मग नवराही गेला. मी विजय नगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये आले. क्वार्टरमागे बाग होती, इथे स्वयंपाकघराची खिडकी. तिच्यात तीन कुंड्यांत सांबार लावला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. धणे चपलेखाली रगडून दोन फाका केल्या की लवकर उगवतात.

उगवला, पण दोऱ्यासारखा लांब होऊन काचेवर कलंडला. मग बारीक काळी चिलटं आली. चहात पडायची, कापलेल्या लिंबावर बसायची.

सून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, ही चिलटं तुमच्या कुंड्यांतूनच येऊन राहिली. दिवाळीला पाहुणे येतील. तोवर गेली नाही, तर कुंड्या गच्चीवर."

गच्चीवर माकडं येतात. म्हणजे कुंड्या गेल्याच. मी म्हटलं, तुझ्या केळ्यांवरची असतील. पण खरं काय ते मलाच पाहायचं होतं. रात्री एका कुंडीच्या मातीवर काचेची रिकामी बरणी पालथी घातली. सकाळी बरणी आतून काळ्या ठिपक्यांनी भरलेली. सुनेचं बरोबर होतं.

मग खमरियाला काहून नव्हती? मी माती हुंगली. आंबलेल्या पिठासारखा वास आला, आणि धुवण आठवलं. तांदळाचं धुवण मोरीत ओतणारी बाई घर बुडवते, असं सासू म्हणायची. म्हणून रोज मी ते कुंड्यांत ओतत होते. खमरियाला ते बागेची जमीन पिऊन घ्यायची, वरून ऊन वाळवायचं. इथली माती वाळतच नव्हती.

असं वाटलं खरं, पण वाटण्यावर काय भरवसा? एक कुंडी न्हाणीघराच्या खिडकीत नेली आणि तिला धुवण चालूच ठेवलं. दोन कुंड्या गॅलरीत सकाळच्या उन्हाला ठेवल्या. त्यांच्या मातीत बोट खुपसायचं, कोरडं निघालं तरच साधं पाणी. कलंडलेली रोपं उपटून नवे धणे पेरले. ते बुटके आणि ताठ आले. चिलटं एकदम गेली नाहीत. आधी कमी झाली, मग दिसेनाशी झाली.

दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा सून न्हाणीघरातून आली. "आई, त्या कुंडीत तर अजून तश्शीच चिलटं आहेत."

"मुद्दाम ठेवली. फरक दिसला पाहिजे."

"दिसला. आता ती बाहेर."

बाकीच्या दोन तिनेच उचलून परत स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ आणल्या. तिथे ऊन नाही. मी त्या पुन्हा गॅलरीत नेल्या आणि तिला म्हटलं, सांबार लागला तर चार पावलं चाल.

धुवण मात्र अजून मोरीत ओतवत नाही. ते मी खाली फाटकाजवळच्या कढीपत्त्याला घालते. तो जमिनीत आहे, त्याला पचतं.